जागृत ज्वालामुखीची सहल : बेत आखताना परतीची वेळ आधी ठरवावी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील चौदा जणांच्या एका गटाने इंडोनेशियातील जावा बेटावरचे ज्वालामुखी पाहायला जायचे ठरवले, तेव्हा त्यांची पहिली बैठक टिळकवाडीत आमच्या घरी झाली. मी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला होता आणि ते ज्वालामुखी पूर्वी एकदा पाहून आलो होतो, म्हणून त्यांना माझ्याशी बोलायचे होते. विमान कोठून धरायचे, जीप किती लागतील, स्वेटर पुरेल की जाड जॅकेट हवे, शाकाहारी जेवणाचे काय, असे अनेक प्रश्न त्यांनी वहीत लिहून आणले होते. प्रश्न सगळे योग्य होते. पण माझ्या मते जो सर्वांत आधी यायला हवा, तोच त्या वहीत नव्हता. कोणकोणत्या कारणांनी आपण विवराकडे न जाता मागे फिरणार, हा तो प्रश्न. गडावरच्या सहलीत तो ऐनवेळी, आभाळ भरून आल्यावर विचारला तरी चालून जाते. ज्वालामुखीच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर घरी बसून, तिकिटे काढण्यापूर्वी द्यावे लागते, कारण हजारो किलोमीटर प्रवास करून, रात्रभर जागून, काठापासून शंभर पावलांवर पोचलेल्या माणसाला ‘आता परत चला’ हे शब्द ऐकू येत नाहीत. असे का होते आणि त्यासाठी बेत कसा आखावा, ते या लेखात सविस्तर सांगतो.

पातळ लाव्हा आणि घट्ट लाव्हा

आपल्या भागातील माणसाला लाव्हा परका नाही. बेळगाव परिसरात विहीर खोदताना लागणारा काळा कठीण दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडून थिजलेला लाव्हाच आहे. सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या दगडाची दक्षिणेकडची कड आपल्या जिल्ह्यातून जाते. पावसाळा सरल्यावर आंबोली घाटात उभे राहून समोरचे डोंगर पाहिले, तर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे थर दिसतात, आणि ते लाव्हाच्या एकामागून एक आलेल्या पुरांचे आहेत. तो लाव्हा पातळ होता, त्यामुळे एका जागी शंकूसारखा उंच साचण्याऐवजी तो दूरवर वाहत गेला.

जावातील बहुतेक ज्वालामुखींचे तसे नाही. तेथे समुद्रतळाचे भूपट्ट बेटांच्या खाली सरकत जाते, त्याच्याबरोबर पाणीही खोल जाते, आणि त्या पाण्यामुळे वरचा खडक वितळून जो शिलारस तयार होतो, तो अधिक घट्ट आणि वायूंनी भरलेला असतो. हा फरक समजून घ्यायला आपल्याकडचे गुऱ्हाळ पुरेसे आहे. काहिलीतला रस पातळ असतो तोवर बुडबुडे सहज वर येऊन विरतात. तोच रस आटून घट्ट झाला, की बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि फुटताना चटका देणारे थेंब हातभर उडवतो. म्हणूनच गुळव्या त्या वेळी पोरांना काहिलीपासून लांब उभे करतो. घट्ट शिलारसाचा ज्वालामुखी असाच अडकलेला वायू साठवत राहतो आणि मग एकदम मोकळा होतो.

‘जागृत’ या शब्दानेही गैरसमज होतो. जागृत म्हणजे ज्याच्या तोंडातून ज्वाळा निघत आहेत असा, अशी आपली समजूत असते. शास्त्रज्ञ मात्र गेल्या सुमारे १० ते १२ हजार वर्षांत ज्याचा उद्रेक झाला आहे, त्याला सर्वसाधारणपणे जागृत मानतात. त्यामुळे ज्याच्या उतारावर कोबी-बटाट्याची शेते आहेत आणि ज्याच्या माथ्यावर फक्त पांढऱ्या वाफेची एक रेघ दिसते, तोही जागृतच असतो. पर्यटक जातात ते बहुधा अशाच शांत दिसणाऱ्या ज्वालामुखींवर, आणि तेथेच सर्वांत मोठी फसगत होते.

उद्रेक होण्यासाठी प्रत्येक वेळी नवा लाव्हा वर यावाच लागतो असेही नाही. फार वर्षांपूर्वी खानापूरजवळ असोग्याला, मलप्रभेच्या काठी, आमच्या वर्गाचे वनभोजन होते. मुलांनी नदीच्या पात्रातून नुकतेच काढलेले तीन दगड मांडून चूल केली. वीसेक मिनिटांनी त्यांतला एक दगड फटाका वाजावा तसा फुटला आणि त्याची कपची लागून भाताच्या पातेल्याला पोचा पडला. कोणाला इजा झाली नाही. दगडाच्या बारीक भेगांत शिरलेल्या पाण्याची वाफ झाली होती, आणि मोकळ्या हवेत पाण्याची वाफ होते तेव्हा तिला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती जागा न मिळाल्याने दगड फुटला. मला त्या प्रसंगातली लक्षात राहिलेली गोष्ट अशी, की दगड वरून पूर्ण वाळलेला दिसत होता आणि फुटण्याआधी त्याने कसलीही खूण दाखवली नव्हती. ज्वालामुखीच्या पोटात मुरलेल्या पावसाच्या पाण्याचे हेच होते. खालची उष्णता वाढली किंवा वाफ बाहेर पडण्याची वाट बुजली, की वाफेचा स्फोट होतो, आणि तो होण्याआधी उपकरणांना त्याची चाहूल कधी काही मिनिटे आधी लागते, तर कधी लागतही नाही.

जपानमधील ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असाच वाफेचा स्फोट झाला. शनिवार होता, शरद ऋतूत रंग बदललेली पाने पाहायला शेकडो लोक चढून आले होते, आणि दुपारी बाराला काही मिनिटे कमी असताना, म्हणजे बहुतेक जण माथ्यावर डबा उघडून बसलेले असताना, पर्वत फुटला. ५८ माणसे मृत्युमुखी पडली आणि ५ जण कधीच सापडले नाहीत. बहुतेकांचा जीव उडालेल्या दगडांनी घेतला. स्फोटाआधीचे कंप यंत्रांवर उमटले ते फक्त अकरा मिनिटे आधी. त्या दिवशी तेथील इशाऱ्याची पातळी होती १, म्हणजे सर्वांत खालची, आणि तिचे वर्णन त्या काळी ‘नेहमीची स्थिती’ अशा अर्थाच्या शब्दाने केले जात असे. पुढच्याच वर्षी जपानने तो शब्द बदलला आणि ‘हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवा’ अशा अर्थाचा मजकूर घातला. बदल एका शब्दाचा आहे. तरी सहलीचा बेत आखणाऱ्याला तो पुष्कळ शिकवतो.

इशाऱ्याची पातळी काय सांगते आणि काय सांगत नाही

इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था चार पातळ्या जाहीर करते : नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. आपल्या भाषेत त्यांना नेहमीची, सावध, सज्ज आणि धोका असे म्हणता येईल. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या ॲपवर प्रत्येक ज्वालामुखीची चालू पातळी पाहता येते. न्यूझीलंडमध्ये ० ते ५ असे आकडे आहेत, जपानमध्ये १ ते ५, आणि अमेरिकेत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंगही वापरतात. त्यामुळे ‘दोन नंबर आहे, म्हणजे बरे आहे’ हे वाक्य कोणत्या देशाबद्दल बोलत आहोत हे सांगितल्याशिवाय निरर्थक ठरते.

पातळी ज्वालामुखीच्या अस्वस्थतेचे मोजमाप देते. आपण काठावर उभे असू त्या अर्ध्या तासात काय होईल, हे ती सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. तिच्याबरोबर बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते, ती म्हणजे विवरापासून किती अंतराच्या आत जाऊ नये याची सूचना. पर्यटक आकडा वाचतात आणि ही ओळ सोडून देतात. माझा आग्रह उलटा आहे : आकडा विसरलात तरी चालेल, अंतर विसरू नका.

पश्चिम सुमात्रातील मारापीचे उदाहरण यासाठी प्रत्येक गटप्रमुखाला ठाऊक असायला हवे. (जावातील मेरापी हा निराळा ज्वालामुखी, नावांच्या सारखेपणामुळे बातम्या वाचताना घोटाळा होतो.) मारापी अनेक वर्षे दुसऱ्या पातळीवर होता आणि विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी ज्वालामुखी संस्थेची सूचना होती. तरीही चढाईची परवानगी मिळत होती, कारण परवानगी देणारे खाते वेगळे होते. ३ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी, उद्रेक झाला तेव्हा डोंगरावर सुमारे ७५ गिर्यारोहक होते आणि त्यांतले २४ जण गेले. हातात रीतसर परवाना असणे आणि जागा सुरक्षित असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्या चोवीस कुटुंबांना फार मोठी किंमत देऊन कळले.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती, त्यांतल्या २२ जणांचा मृत्यू झाला. तेथील पातळी तीन आठवड्यांपूर्वीच १ वरून २ वर नेलेली होती, आणि उद्रेक चालू नसताना तेथे जाहीर होणारी ही सर्वांत वरची पातळी आहे. सहली मात्र चालू राहिल्या. आलेल्यांपैकी बरेच जण एका मोठ्या प्रवासी जहाजातून दिवसभराच्या फेरीला उतरलेले होते. अशा ठरलेल्या पॅकेजमध्ये ज्वालामुखी हा दिवसाच्या कार्यक्रमातला एक थांबा होऊन बसतो, आणि पातळी वाढली ही बातमी प्रवाशापर्यंत पोचेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून ती बातमी स्वतः वाचण्याचे काम गटातल्या दोन व्यक्तींकडे नावानिशी द्यावे. एकाकडेच दिले, तर नेमका त्याच रात्री त्याचा फोन बंद पडतो.

काठावरचा वेळ

वाफेचा स्फोट आधी सांगता येत नाही हे एकदा मान्य केले, की आपल्या हातात मुख्यतः एकच गोष्ट उरते : धोक्याच्या जागेत किती माणसे किती वेळ थांबतील. चौदा जण काठावर दोन तास थांबले, तर तो एकूण २८ माणूस-तासांचा मुक्काम झाला. तेच चौदा जण अर्धा तास थांबले, तर तो ७ माणूस-तासांचा होतो, म्हणजे गटाने पत्करलेला धोका एक चतुर्थांशावर येतो, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त खर्च होत नाही. सूर्योदयाचे फोटो, डबा, विश्रांती, गप्पा हे सर्व काठापासून दूर, खाली उतरून करता येते. ओंताकेवरची दुपारची जेवणाची वेळ आठवली, तर या साध्या हिशेबाचे वजन कळते.

याच विचाराने आम्ही त्या गटाचे दोन भाग केले. सात जण वर जातील तेव्हा उरलेले सात जण खालच्या मुक्कामावर थांबतील, आणि पहिले सात खाली आल्याशिवाय दुसरे निघणार नाहीत. काहींना हे आवडले नाही, कारण नवरा-बायकोला एकत्र फोटो काढता येणार नव्हता. वडगावच्या एका अक्कांनी तेव्हा विचारले, “सर, देवाच्या दारात जायचं, तर सगळ्यांनी मिळून जायला नको का?” पूर्व जावातील ब्रोमो या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर गणपतीची मूर्ती आहे आणि पायथ्याच्या वाळूत तेंगर लोकांचे मंदिर आहे, हे मीच त्यांना सांगितले होते. तेंगर समाज हिंदू आहे, आणि यज्ञ कसादा या वार्षिक उत्सवात ते विवरात धान्य, भाजी, कोंबड्या अर्पण करतात. गणेशोत्सवाचे वेड असलेल्या बेळगावकराला हे ऐकून ओढ वाटणारच. पण त्याच ब्रोमोवर जून २००४ मध्ये अचानक झालेल्या उद्रेकात उडालेल्या दगडांनी दोन जणांचा बळी घेतला होता, हेही मी अक्कांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि आपले नाव दुसऱ्या तुकडीत घालायला सांगितले.

काठावर पोचल्यावर पहिले काम फोटोचे नाही. आलो ती वाट कोणती, वारा कोणत्या बाजूने येतो आहे, आणि आडोसा घेता येईल असा मोठा खडक किंवा बांधकाम कोठे आहे, हे तीन प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावेत. दगड उडू लागले तर पाठ फिरवून आंधळेपणाने पळण्यापेक्षा क्षणभर वर पाहून मोठे दगड चुकवावेत, आडोसा गाठावा आणि पाठीवरची पिशवी डोक्यावर धरावी, असे जाणकार सांगतात. हेल्मेट असेल तर उत्तमच. घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात शिरू नये, कारण तापलेल्या राखेचा लोट, चिखलाचा लोंढा आणि जड वायू हे तिन्ही सखल वाटच धरतात. इंडोनेशियातच ज्याला ‘लाहार’ हे नाव मिळाले, तो चिखलाचा लोंढा उद्रेकानंतर कित्येक महिन्यांनीही येऊ शकतो. त्याला लागतो फक्त जोराचा पाऊस आणि उतारावर पडलेली सैल राख.

वायूंबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण दगडांपेक्षा त्यांची गाठ पर्यटकाला अधिक वेळा पडते. गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, घशाला आणि डोळ्यांना झोंबतो आणि दम्याच्या रुग्णाला काही मिनिटांत अडचणीत आणतो. हायड्रोजन सल्फाइडला नासक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण फार वाढले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ हा समज जिवावर बेतू शकतो. कार्बन डायऑक्साइडला वासच नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचतो. आपण करोनाच्या काळात वापरले ते एन-९५ मास्क राखेचे कण अडवतात, पण वायू अडवत नाहीत. वायूसाठी काडतूस, म्हणजे वायू शोषून घेणारी बदलता येणारी डबी, बसवलेला मास्क लागतो. तो जावातील इजेन या ज्वालामुखीच्या पायथ्याशी भाड्याने मिळतो, पण त्यातले काडतूस किती जुने आहे हे भाड्याने देणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून नवी काडतुसे इथूनच नेलेली बरी. शेती-औषधांची फवारणी करणाऱ्यांसाठी असे मास्क मिळतात, मात्र काडतूस आम्लधर्मी वायूंसाठी आहे की नाही हे पाकिटावर वाचूनच घ्यावे. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवाव्यात आणि चष्मा लावावा, कारण राख म्हणजे लाकडाच्या राखेसारखी मऊ भुकटी नसते. ती काचेचा आणि दगडाचा चुरा असते.

पूर्व जावातील इजेनची निळी ज्वाला पाहायला लोक रात्री चढतात. तो निळा लाव्हा आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भेगांतून दाबाने बाहेर पडणारा गंधकाचा वायू हवेत पेट घेतो आणि त्याची ज्वाला निळी दिसते. दिवसाच्या उजेडात ती दिसत नाही, म्हणून पहाटेपूर्वी पोचण्याची घाई असते. पायथ्याच्या पाल्तुदिंगहून काठापर्यंत सुमारे ३ किलोमीटरची चढण आहे. काठावरून विवराच्या तळाशी उतरणारी खडकाळ वाट याहून अवघड आहे, आणि पर्यटकांनी खाली उतरू नये असे फलक तेथे लावलेले आहेत, तरी लोक उतरतात. खाली अतितीव्र आम्लाचे हिरवट-निळे तळे आहे आणि त्याच्या कडेला गंधकाच्या खाणीत माणसे काम करतात. मी गेलो होतो तेव्हा एक खाणकामगार खांद्यावर दोन टोपल्या घेऊन त्या वाटेने वर येत होता. ओझे सत्तर किलोच्या वर असावे. त्याच्या खांद्यावर कावडीच्या दांडीने पडलेला घट्टा सुपारीएवढा होता, आणि तोंडावर मास्क नसून दातांत धरलेला ओला फडका होता. आम्ही आठ जण फोटो काढत वाटेत उभे होतो म्हणून त्याला ते ओझे घेऊन थांबावे लागले. त्या वाटेवर पहिला हक्क त्या माणसांचा आहे, आणि पर्यटकाने डोंगराच्या बाजूला सरकून त्यांना वाट द्यावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक गटाला सांगतो.

त्याच रात्री वारा फिरला. आमच्या वाटाड्याने धुराची दिशा पाहिली आणि परत जाऊ या म्हणाला. आमच्यातल्या दोघांनी त्याच्याशी वाद घातला, पैसे भरल्याची आठवण करून दिली, आणि त्या वादात आम्ही दहा-बारा मिनिटे धुरात उभे राहिलो. त्यानंतर दोन दिवस माझा घसा बसलेला होता. ज्वाला कोणालाच दिसली नाही. मागे फिरण्याची कारणे आधीच कागदावर लिहिलेली असती, तर तो वाद झालाच नसता, हे मला परतीच्या वाटेवर कळले. याच इजेनवर एप्रिल २०२४ मध्ये एक पर्यटक स्त्री फोटोसाठी मागे सरकताना कड्यावरून पडून मरण पावली. उद्रेक नव्हता, वायू नव्हता. सैल कडा होती.

बेळगावाहून निघताना

आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा पूर्व जावात कोरडा हंगाम असतो, साधारण मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची सुट्टी मिळते, त्यामुळे मुले बरोबर असतील तर ती वेळ जमू शकते. दिवाळीनंतर मात्र तिकडे पावसाला जोर येतो, वाटा निसरड्या होतात आणि लाहारचा धोका वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रोमोच्या परिसरात पहाटे तापमान शून्याच्या जवळ येते, त्यामुळे कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

सांबरा विमानतळावरून बेंगळुरू किंवा मुंबई गाठून पुढे बालीला जाता येते. बालीहून गिलिमानुक बंदरातून फेरीबोटीने केतापांगला, म्हणजे जावाच्या पूर्व टोकाला उतरतात आणि तेथून इजेन जवळ आहे. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि जावाचे दीड तास पुढे असते, म्हणजे बोटीतून उतरताना घड्याळ एक तास मागे करावे लागते. मध्यरात्री निघायच्या गटात हा तास चुकला, की अर्धे लोक गाडीत आणि अर्धे अंथरुणात राहतात. भारतीयांना तेथे पोचल्यावर शुल्क भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, पण पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते.

बेतात दोन दिवस मोकळे ठेवावेत. राख हवेत पसरली की विमानतळ बंद होतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचा विमानतळ असाच बंद पडला होता. यात विमान कंपन्यांची अतिसावधगिरी नाही. जेट इंजिनाच्या आतील उष्णतेत राख वितळते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी बसते. २४ जून १९८२ रोजी जावाच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली होती; ते राखेच्या ढगाखाली उतरल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप पोचले.

प्रवास विमा घेताना एजंटचे बोलणे ऐकू नये, पॉलिसीचा कागद वाचावा. ज्वालामुखीचा उद्रेक त्यात धरला आहे का, इशारा जाहीर झाल्यानंतर काढलेली पॉलिसी चालते का, किती उंचीपर्यंतची चढाई मान्य आहे, आणि बंदी असलेल्या अंतराच्या आत गेल्यास दावा नाकारला जाईल का, हे चार मुद्दे शोधून त्यांच्याखाली रेघ मारावी. पैशाबद्दल एक अनुभव येथे सांगणे आवश्यक आहे. माझ्या पहिल्या सहलीत ज्या प्रवास कंपनीकडे आम्ही पैसे भरले होते, तिच्या अटींत विवर बंद असल्यास रक्कम परत मिळणार नाही असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. आम्ही ते वाचले नव्हते. त्या अटीचे नुकसान केवळ पैशाचे नव्हते. पैसे बुडणार या भावनेनेच आमच्यातले दोघे त्या रात्री वाटाड्याशी भांडले. म्हणून या चौदा जणांच्या गटाने कंपनीकडून आधीच लेखी घेतले, की विवर बंद झाल्यास किंवा गटप्रमुखाने परत फिरायचे ठरवल्यास त्या दिवशी दुसरे ठिकाण दाखवले जाईल. मागे फिरणे स्वस्त झाले, की ते सोपेही होते.

ज्यांना दमा, हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, आणि जी मुले सांगितलेले लगेच ऐकत नाहीत, त्यांनी काठापर्यंत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी पेनांजाकानच्या उंचवट्यावरून ब्रोमो आणि त्यामागे धूर सोडणारा सेमेरू दिसतो, तो देखावा काठावरच्या देखाव्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. भारतातच राहायचे असेल, तर अंदमानातील बॅरन बेट हा आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. तेथे उतरू देत नाहीत, बोटीतूनच पाहावे लागते, आणि माझ्या दृष्टीने ती मनाई सहलीची उणीव मुळीच नाही.

निघण्यापूर्वी सरावासाठी आमचा गट दोन रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर भल्या पहाटे, अंधारात, कपाळावर टॉर्च बांधून आणि मास्क लावून चढला. मास्क लावून चढताना दम किती लवकर लागतो हे तेव्हाच सर्वांना कळले, आणि निपाणीच्या एका काकांनी तेथेच ठरवले की आपण पेनांजाकानपर्यंतच जाणार. गडावरच, टॉर्चच्या उजेडात, आम्ही तो कागद लिहिला. ज्वालामुखी संस्थेने पातळी वाढवली किंवा अंतर वाढवले, तर जायचे नाही. वाटाडा ‘परत चला’ म्हणाला, तर कारण न विचारता फिरायचे. कारण खाली आल्यावर विचारायचे. धूर वाटेवर आला, खोकला लागला, दाट धुके पडले किंवा गटातला एकजण जरी नको म्हणाला, तर त्या तुकडीने फिरायचे. काठावर तीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. खाली चौदा सह्या झाल्या आणि एक प्रत बेळगावात ठेवली.

ती प्रत अक्कांच्या थोरल्या सुनेकडे होती. प्रत्येक चढाईच्या रात्री कोणती तुकडी किती वाजता निघणार आणि किती वाजता खाली येणार, हे तिला कळवले जाई, आणि ठरलेल्या वेळेनंतर एका तासात निरोप आला नाही तर हॉटेलला, मग वाटाड्याच्या कार्यालयाला आणि मग भारतीय वकिलातीला फोन करायचा, असा क्रम तिला लिहून दिलेला होता. इजेनच्या रात्री दुसरी तुकडी धुके पडल्यामुळे काठाच्या अलीकडून मागे फिरली आणि तेथील सहा वाजता पायथ्याशी आली. बेळगावात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. अक्कांनी निरोप टाकला, “ज्वाला दिसली नाही, सगळे खाली आलोय,” आणि मिनिटभरात उत्तर आले, “बरं झालं. मी जागीच होते.”